ज्या अल्बमने जग जिंकलं, तोच कर्ट कोबेनला खुपत राहिला

काळा टी-शर्ट. त्यावर पिवळ्या रंगाची वेडीवाकडी स्माइली. डोळ्यांच्या जागी दोन फुल्या आणि तोंडातून बाहेर आलेली जीभ.

मुंबईतल्या फॅशन स्ट्रीटवर, पुण्यातल्या एफसी रोडवर, कॉलेजच्या कट्ट्यावर हा टी-शर्ट तुम्ही शंभर वेळा पाहिला असेल. कदाचित तुमच्या कपाटातही असेल. वर बँडचं नाव असतं, निर्वाणा. शब्द आपलाच, पालीत निब्बान आणि संस्कृतात निर्वाण. पण तो टी-शर्टवर आला अमेरिकेतल्या एका लाकूडतोड्यांच्या गावातल्या पोरामुळे.

त्या पोराचं नाव कर्ट कोबेन.

त्याने १९९१ मध्ये एक अल्बम काढला आणि साक्षात मायकल जॅक्सनला एक नंबरवरून खाली उतरवलं. साहजिक आहे, आपण असं काही केलं असतं तर आयुष्यभर त्याच अल्बमवर जगलो असतो. या गड्याने काय केलं? त्या अल्बमचा आवाज फारच गुळगुळीत झालाय म्हणून तोंड वाकडं केलं आणि पुढचा अल्बम मुद्दाम खरखरीत बनवायला घेतला. त्या पुढच्या अल्बमवरून जे रामायण घडलं, त्यात कर्टचं सगळं आयुष्य दिसतं.

तर सुरुवातीपासून बघू.

लाकडाचं गाव आणि डावखुरा पोरगा

कर्टचा जन्म २० फेब्रुवारी १९६७ चा. गाव अ‍ॅबर्डीन, राज्य वॉशिंग्टन. हे राजधानीचं वॉशिंग्टन नव्हे, अमेरिकेच्या पार पश्चिमेच्या टोकाचं, पावसाचं वॉशिंग्टन. गावाची सगळी कमाई जंगलतोड आणि लाकडाच्या गिरण्यांवर. कर्ट मोठा होत होता त्या काळात या गिरण्या बंद पडत होत्या, माणसं बेकार होत होती. गिरण्या बंद पडल्यावर गावाचं काय होतं, हे आपल्याकडे गिरणगावाला वेगळं सांगायला नको.

वडील डोनाल्ड गाड्यांचे मेकॅनिक, आई वेंडी हॉटेलात वेट्रेस. कर्ट नऊ वर्षांचा असताना दोघांचा घटस्फोट झाला आणि हसतंखेळतं पोरगं एकदम गप्प झालं. पुढे कधी वडिलांकडे, कधी आईकडे, कधी काका-मामांकडे, कधी मित्राच्या घरी अशी त्याची वाटणी होत राहिली. आपण कुणालाच नको आहोत, ही गाठ तेव्हा मनात बसली ती बसलीच.

चौदाव्या वाढदिवसाला नात्यातल्या एका काकाने विचारलं, सायकल हवी की जुनी गिटार? पोराने गिटार मागितली. कर्ट डावखुरा होता. डाव्या हाताच्या गिटारी महाग आणि दुर्मिळ, म्हणून पुढे कित्येक वर्षं तो उजव्या हाताच्या गिटारीच्या तारा उलट्या लावून वाजवायचा.

शाळा त्याने शेवटच्या टप्प्यावर सोडली. पदवीदान समारंभाला जेमतेम दोन आठवडे उरले होते. गंमत बघा, नंतर काही दिवस त्याच शाळेत त्याने झाडू-पोछ्याचं काम केलं.

गावात मेल्विन्स नावाचा एक बँड होता. भयानक मोठा, संथ आणि कर्कश आवाज. त्यांच्या बझ ऑस्बोर्नने कर्टला पंक संगीताची ओळख करून दिली. पंक म्हणजे काय, तर तीन सूर येत असले तरी पुरे, स्टेजवर चढा आणि जे म्हणायचंय ते ओरडून म्हणा. कुणाच्या परवानगीची गरज नाही. कर्टला हे पटलं. तिथेच त्याला क्रिस्ट नोव्होसेलिच भेटला. क्रिस्टच्या आईचं ब्यूटी पार्लर होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर या दोघांची प्रॅक्टिस सुरू झाली.

१९८७ मध्ये बँड उभा राहिला. नावं बदलत बदलत गाडी निर्वाणावर येऊन थांबली. पंक बँडांची नावं तेव्हा शिवीगाळ वाटावी अशी असायची. कर्टला मात्र काहीतरी सुंदर नाव हवं होतं.

६०६ डॉलरचा अल्बम

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. इंडी बँड म्हणजे काय आणि मेजर लेबल म्हणजे काय?

त्या काळात अमेरिकेतला संगीताचा बहुतेक धंदा सहा बड्या कंपन्यांच्या हातात होता. वॉर्नर, सोनी, ईएमआय, बीएमजी, पॉलिग्राम आणि एमसीए. रेडिओ, टीव्ही, मोठी दुकानं, सगळीकडे यांचीच पोहोच. या मेजर लेबल.

यांच्या बाहेर होती छोटी छोटी स्वतंत्र लेबलं. दोन-चार संगीतवेडे मित्र एका खोलीत ऑफिस थाटायचे, हजार-दोन हजार रेकॉर्डी छापायचे आणि टपालाने विकायचे. हे इंडी. पैसा नाही, पण आपल्या गाण्यात बोट घालणारा साहेबही नाही. या जगात मेजर लेबलशी करार करणं म्हणजे स्वतःला विकणं, असा सरळ हिशोब होता.

सिएटल शहरात असंच एक इंडी लेबल होतं, सब पॉप. १९८८ मध्ये त्यांनी निर्वाणाचं पहिलं सिंगल काढलं, फक्त हजार प्रती. जून १९८९ मध्ये पहिला अल्बम आला, ब्लीच. त्याच्या रेकॉर्डिंगचा खर्च किती, तर ६०६ डॉलर १७ सेंट. तेही पैसे बँडकडे नव्हते. जेसन एव्हरमन नावाच्या गिटारिस्टने ते भरले. त्याने अल्बममध्ये एक सूरही वाजवला नव्हता, तरी उपकार म्हणून त्याचं नाव आणि फोटो कव्हरवर आला.

कॉलेज रेडिओवर ब्लीच वाजला, काही हजार प्रती खपल्या. पण गावोगावी जुन्या व्हॅनमधून फिरायचं, लोकांच्या घरी जमिनीवर झोपायचं आणि चाहत्यांनी येऊन सांगायचं की तुमची रेकॉर्ड दुकानात मिळतच नाही, याला बँड कंटाळला. त्यात सब पॉप स्वतःच कर्जात बुडत चाललं होतं.

१९९० मध्ये डेव्ह ग्रोल हा तगडा ड्रमर आला आणि बँड पूर्ण झाला. सॉनिक यूथ हा इंडी जगातला मानाचा बँड नुकताच गेफन कंपनीच्या डीजीसी लेबलवर गेला होता. त्यांच्या शिफारशीने १९९१ मध्ये निर्वाणानेही डीजीसीशी करार केला. डीजीसी गेफनचं, आणि गेफन एमसीएच्या ताब्यात. म्हणजे गावातल्या टपरीवरून थेट मॉलमध्ये.

अपेक्षा अडीच लाखांची, खपले तीन कोटी

नेव्हरमाइंड हा अल्बम मे-जून १९९१ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या साउंड सिटी स्टुडिओत रेकॉर्ड झाला. निर्माता बुच विग. नंतर अँडी वॉलेसने मिक्सिंग करून आवाजाला चकाकी दिली.

रेकॉर्डिंग संपवून कर्ट घरी परतला तर भाडं थकल्यामुळे घरमालकाने सामान बाहेर काढलेलं. जगातला सगळ्यात मोठा रॉकस्टार होण्याआधी काही आठवडे हा माणूस स्वतःच्या गाडीत झोपत होता.

२४ सप्टेंबर १९९१ ला अल्बम बाजारात आला. अमेरिकेत पहिल्या फेरीत ४६ हजारांच्या आसपास प्रती पाठवल्या होत्या. कंपनीला वाटत होतं, फार फार तर अडीच लाख खपतील. बिलबोर्डच्या यादीत अल्बम आला तो १४४ व्या नंबरवर.

आणि समीक्षक काय म्हणाले? आज हा अल्बम सर्वकाळच्या महान अल्बमांत मोजतात म्हणून आपल्याला वाटतं, सगळे पहिल्या दिवसापासून टाळ्या वाजवत असतील. तसं नव्हतं. बऱ्याच मोठ्या वर्तमानपत्रांनी सुरुवातीला दखलच घेतली नाही. रोलिंग स्टोन या रॉकच्या सर्वांत मोठ्या मासिकाने पाचपैकी तीन तारे दिले. म्हणजे बरा आहे, एवढंच. इंग्लंडच्या एनएमईने मात्र दहापैकी नऊ गुण देऊन टाकले.

फरक पडला तो एका गाण्याने आणि एमटीव्हीने. अल्बममधलं पहिलं गाणं, स्मेल्स लाइक टीन स्पिरिट. या नावाचा किस्सा भारी आहे. कर्टची मैत्रीण आणि बिकिनी किल बँडची गायिका कॅथलीन हॅनाने एकदा त्याच्या खोलीच्या भिंतीवर लिहून ठेवलं की कर्टला टीन स्पिरिटचा वास येतोय. कर्टला वाटलं, वा, तरुणाईच्या बंडाबद्दल काय बोललीय! प्रत्यक्षात टीन स्पिरिट हा मुलींचा डिओडरंट होता आणि कर्टची मैत्रीण तो वापरायची. कर्टला हे कळेपर्यंत गाणं बाजारात आलं होतं.

एमटीव्हीने त्या गाण्याचा व्हिडिओ सारखा दाखवायला सुरुवात केली. डिसेंबरअखेर आठवड्याला तीन लाखांच्या आसपास प्रती खपत होत्या. ११ जानेवारी १९९२ च्या यादीत नेव्हरमाइंड एक नंबरवर गेला. खाली आला मायकल जॅक्सनचा डेंजरस.

व्हिलेज व्हॉइस या साप्ताहिकाच्या देशभरातल्या समीक्षकांच्या मतदानात १९९१ चा सर्वोत्तम अल्बम ठरला नेव्हरमाइंड. रोलिंग स्टोनने २०२० मध्ये जी ५०० महान अल्बमांची यादी काढली, तिच्यात नेव्हरमाइंड सहावा होता. तीन ताऱ्यांवरून थेट सहाव्या नंबरवर. आजवर जगभरात तीन कोटींहून जास्त प्रती गेल्याचं मानलं जातं.

हे सगळं होताना एक चांगली गोष्टही झाली. करारात सब पॉपचा विक्रीतला वाटा ठेवलेला होता. बुडणारं ते छोटं लेबल या पैशांवर तरलं.

यशाचा काटा

इथून पुढे कर्ट समजून घेणं अवघड आहे, कारण तो एकाच वेळी दोन दगडांवर पाय ठेवून उभा होता.

त्याला प्रसिद्धी हवी होती. डायऱ्यांमध्ये तो वर्षानुवर्षं बँडचे बेत लिहायचा, लेबलांना पत्रं धाडायचा. आणि त्याच वेळी त्याच्या हातावर के रेकॉर्ड्स या कट्टर इंडी लेबलचं चिन्ह गोंदलेलं होतं. रोलिंग स्टोनच्या मुखपृष्ठासाठी फोटो काढायला गेला, तेव्हा अशी बडी मासिकं भिकारच असतात अशा अर्थाचा मजकूर लिहिलेला टी-शर्ट घालून गेला. आणि फोटो मात्र काढून घेतला!

पैशांच्या बाबतीतही तेच. सुरुवातीला गाण्यांचं मानधन तिघांत सारखं वाटलं जायचं. अल्बम तुफान चालल्यावर कर्टने मोठा हिस्सा मागितला, तोही मागच्या तारखेपासून. बहुतेक गाणी त्याचीच असल्याने मागणी अगदीच चूक नव्हती, पण बँड त्यावरून फुटता फुटता राहिला.

प्रेक्षकही बदलले होते. शाळेत त्याला धक्के मारणारी, दादागिरी करणारी पोरं आता त्याच्याच कार्यक्रमात पहिल्या रांगेत नाचत होती. डिसेंबर १९९२ मध्ये आलेल्या इन्सेस्टिसाइड या संग्रहासोबतच्या लेखात त्याने साफ लिहिलं की ज्यांना समलिंगी लोकांचा, दुसऱ्या वर्णाच्या माणसांचा किंवा बायकांचा द्वेष वाटतो, त्यांनी आमची रेकॉर्ड घेऊ नये आणि कार्यक्रमाला येऊ नये. त्या काळात एवढ्या मोठ्या रॉकस्टारने ग्राहकाला दारातूनच परत पाठवणं, ही साधी गोष्ट नव्हती.

फेब्रुवारी १९९२ मध्ये त्याने होल बँडची गायिका कोर्टनी लव्हशी लग्न केलं, ऑगस्टमध्ये मुलगी झाली. पण पोटातलं जुनं दुखणं डॉक्टरांना सापडत नव्हतं आणि हेरॉइनचं व्यसन जडलं होतं. व्हॅनिटी फेअर मासिकात गरोदर कोर्टनीच्या व्यसनाबद्दल लेख आला आणि प्रकरण कोर्टात गेलं. काही काळ तर नवजात बाळाचा ताबा आईबापांकडे राहिला नाही. त्या दिवसापासून पत्रकार म्हणजे शत्रू, हे कर्टच्या डोक्यात पक्कं बसलं.

प्लंबरसारखे पैसे घेणारा माणूस

या मनःस्थितीत नवा अल्बम करायचा होता. नाव ठरलं इन युटेरो, म्हणजे गर्भात.

कर्टला आता नेव्हरमाइंडचा आवाज नको होता. तो अल्बम आपल्याला पंकपेक्षा चकचकीत हेअर मेटल बँडांच्या जवळचा वाटतो, हे त्याने चरित्रकाराला सांगून टाकलं होतं. म्हणून त्याने बोलावलं स्टीव्ह अल्बिनीला.

हा अल्बिनी म्हणजे वेगळंच रसायन. त्याने पिक्सीजचा सर्फर रोझा रेकॉर्ड केला होता, तो कर्टचा आवडता अल्बम. अल्बिनीचं तत्त्व एकच, खोलीत बँड जसा वाजतो तसाच टेपवर यावा. मेजर लेबलांचा त्याला मनस्वी राग. त्याच वर्षी त्याने एका लेखात हिशोब मांडून दाखवला की अडीच लाख प्रती खपलेल्या एका काल्पनिक बँडमुळे धंद्याला ३० लाख डॉलरहून जास्त मिळतात आणि बँडमधल्या प्रत्येकाच्या हाती पडतात चार हजारांच्या आसपास.

निर्वाणाच्या अल्बमवर रॉयल्टी घेतली असती तर हा माणूस लखपती झाला असता. त्याने ती नाकारली. प्लंबर काम करतो, पैसे घेतो आणि जातो, तसं मला द्या, असं त्याने बँडला आधीच पत्रात कळवलं होतं. एकरकमी एक लाख डॉलर, विषय संपला.

फेब्रुवारी १९९३. मिनेसोटातला पॅकिडर्म स्टुडिओ, बाहेर बर्फ. बँडने खोट्या नावाने बुकिंग केलं होतं. दोन आठवड्यांत अल्बम तयार. कर्टने बरंचसं गाणं एकाच दिवसात उरकलं. सगळे खूश होते.

टेप कंपनीकडे पोहोचली आणि ठिणगी पडली.

कंपनीच्या लोकांना आणि बँडच्या मॅनेजरांना तो आवाज पटला नाही. मग वर्तमानपत्रांना कुणकुण लागली. एप्रिलमध्ये शिकागो ट्रिब्यूनने छापलं की कंपनीला हा अल्बम बाजारात आणण्यालायक वाटत नाही. मेमध्ये न्यूजवीकनेही तेच लावून धरलं. कंपनी दबाव आणतेय, बिचारा बँड चिरडला जातोय, अशी गोष्ट सगळीकडे पसरली. निर्वाणाने बिलबोर्डमध्ये पानभर जाहिरात देऊन न्यूजवीकचं म्हणणं खोडून काढलं.

यातलं खरं काय? थोडं दोन्ही बाजूंना. कंपनी नाराज होती हे खरं. पण कर्टलाही घरी ऐकल्यावर वाटू लागलं की आवाज आणि बेस फार दबलेत. अल्बिनी मिक्समध्ये बदल करायला तयार नव्हता. शेवटी मधला मार्ग निघाला. मास्टरिंग करताना बेस आणि आवाज थोडे वर उचलले, आणि आरईएमचा निर्माता स्कॉट लिट याने फक्त दोन गाण्यांचं मिक्सिंग नव्याने केलं. बाकी अल्बम अल्बिनीचाच राहिला.

सप्टेंबर १९९३ मध्ये इन युटेरो आला आणि थेट एक नंबरवर उतरला. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत १ लाख ८० हजार प्रती. समीक्षकांनी या वेळी चूक केली नाही. रोलिंग स्टोनने साडेचार तारे दिले, एनएमईने दहापैकी आठ. व्हिलेज व्हॉइसच्या मतदानात तो वर्षातला दुसरा अल्बम ठरला. काहींना तो मुद्दाम कर्कश केलेला वाटला, पण एवढ्या यशानंतर सोपी वाट नाकारण्याची हिंमत बहुतेकांनी मान्य केली. नेव्हरमाइंडएवढा तो खपला नाही. कर्टला ते अपेक्षितच होतं.

पण खरी परीक्षा वेगळ्याच ठिकाणी झाली.

वॉलमार्ट आणि केमार्ट या दोन महाकाय दुकानसाखळ्यांनी अल्बम ठेवला नाही. मागच्या कव्हरवर कर्टने स्वतः मांडलेलं फुलं आणि अर्भकांच्या बाहुल्यांचं चित्र होतं आणि एका गाण्याच्या नावात बलात्कार हा शब्द होता. गाणं बलात्काराच्या विरोधातलंच होतं, पण दुकानांना गिऱ्हाईक बिथरण्याची भीती.

पंकचा कट्टर नियम सांगतो, अशा वेळी दुकान गेलं खड्ड्यात. कर्टने काय केलं? मार्च १९९४ मध्ये बदललेलं कव्हर आणि गाण्याचं बदललेलं नाव घेऊन अल्बमची दुसरी आवृत्ती या दुकानांसाठी निघाली.

लोक म्हणाले, शेवटी विकला गेला. कारण मात्र वेगळं होतं. अ‍ॅबर्डीनसारख्या गावात इंडी रेकॉर्डींचं दुकान नसतं. तिथल्या पोरांना संगीत मिळतं ते अशाच मोठ्या दुकानात, आणि लहानपणी कर्टलाही ते तिथेच मिळालं होतं. आपल्यासारखं एखादं पोरगं त्या गावात आजही बसलं असेल, त्याच्यापर्यंत रेकॉर्ड पोहोचली पाहिजे, हा त्याचा हिशोब होता. ज्या गावाने त्याला नाकारलं, त्याच गावातल्या पोरासाठी त्याने स्वतःचं कव्हर बदललं.

शेवटचे महिने

१८ नोव्हेंबर १९९३ ला न्यूयॉर्कमध्ये एमटीव्ही अनप्लग्डचं रेकॉर्डिंग झालं. स्टेजवर लिलीची फुलं, काळ्या मेणबत्त्या आणि अंगात जुनाट स्वेटर घातलेला कर्ट. अशा कार्यक्रमात बँडने सुपरहिट गाणी वाजवावीत अशी अपेक्षा असते. निर्वाणाने सगळ्यात गाजलेलं गाणं वाजवलंच नाही आणि सहा गाणी दुसऱ्यांची घेतली. त्यातली तीन मीट पपेट्स या इंडी बँडची, तीही त्यांच्या दोघा भावांना स्टेजवर बोलावून. आपल्याला मिळालेला उजेड दुसऱ्यांवर टाकायची ही त्याची जुनी सवय.

पण माणूस आतून संपत आला होता. मार्च १९९४ च्या सुरुवातीला रोममध्ये अतिरिक्त औषधांमुळे तो कोमात गेला, वाचला. महिनाअखेरीस व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला आणि दोन दिवसांत भिंत ओलांडून निघून गेला. ५ एप्रिल १९९४ ला सिएटलच्या घरी त्याने आयुष्य संपवलं. तीन दिवसांनी हे कळलं. वय २७. मुलगी दोन वर्षांचीही नव्हती. १० एप्रिलला सिएटलमध्ये हजारो पोरं मेणबत्त्या घेऊन जमली.

पुढे दंतकथा वाढतच गेल्या. तो लहानपणी पुलाखाली राहायचा, ही त्याने स्वतः पसरवलेली गोष्ट क्रिस्टनेच खोडून काढली आहे. अनप्लग्डमध्ये त्याने वाजवलेली गिटार २०२० मध्ये ६० लाख डॉलरला विकली गेली. पहिल्या अल्बमसाठी ज्याच्याकडे ६०६ डॉलर नव्हते, त्याची गिटार.

२०१३ मध्ये इन युटेरोला वीस वर्षं झाली, तेव्हा विशेष आवृत्ती निघाली. तिच्यासाठी नवं मिक्स करायला बोलावलं कुणाला, तर अल्बिनीला. अल्बिनी २०२४ मध्ये गेला, शेवटपर्यंत रॉयल्टी न घेण्याचं तत्त्व पाळून.

कर्ट विकला गेला की नाही, हा वाद रॉकच्या जगात आजही चालतो. पण वॉलमार्टचं ते बदललेलं कव्हर बघितलं की वाटतं, त्याला मोठंही व्हायचं होतं आणि खरंही राहायचं होतं, आणि दोन्ही जमतं हे त्याने त्या एका अल्बममध्ये जवळजवळ सिद्ध केलं होतं. त्याला गरज होती ती अजून थोड्या वेळाची आणि वेळेवर मिळणाऱ्या मदतीची.

पुढच्या वेळी तो स्माइलीचा टी-शर्ट घालाल, तेव्हा इन युटेरो एकदा शेवटपर्यंत ऐका. पहिल्यांदा कानाला खरखरेल. त्याला तसंच हवं होतं.

(तुम्हाला किंवा ओळखीच्या कुणाला मनाचा त्रास होत असेल, तर भारत सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर १४४१६ या नंबरला फोन करा. सेवा मोफत आहे, २४ तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं.)